पकडलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार?

प्रिव्ही कौन्सिलने 1897 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या एका अटकेवर दिलेला निकाल मराठवाड्यात फारसा कुणाला ठाऊक नाही. निजामाचा प्रजाजन मुहम्मद युसुफुद्दीन याला शंकरपल्लीच्या रेल्वे स्थानकावर पकडले गेले. वॉरंट होते सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे. स्थानक निजामाच्या मुलखात असले तरी रेल्वेच्या पट्ट्यातला फौजदारी अधिकार त्याने आम्हाला दिला आहे, असे ब्रिटिश सरकारचे म्हणणे होते. लंडनच्या न्यायाधीशांनी तो अधिकार देणारा पत्रव्यवहारच वाचायला घेतला. निजामाने अधिकार दिला होता तो रेल्वेच्या कारभारापुरता, आणि आरोपाचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. जे मिळालेच नाही ते सरकारी अधिसूचना काढून मिळवता येत नाही, असे सांगून त्यांनी अटक बेकायदा ठरवली. पुढे 1900 च्या सुमारास नांदेडला हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज आली, 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. निजामाच्या मुलखातल्या लातूरचा व्यापारी बार्शीला उतरला की तो ब्रिटिश सरकारच्या हद्दीत असे, त्यामुळे कुणाला कुठे पकडता येईल हा प्रश्न इथल्या माणसांना दूरचा नव्हता.

निजाम तरी कुठे स्वतंत्र होता, ब्रिटिश रेसिडेंटच्या शब्दाबाहेर तो जात नव्हता, मग हा निकाल म्हणजे कागदी घोडाच, असे कुणी म्हणेल. निजामाच्या दुबळेपणाबद्दलचे म्हणणे खरेच आहे. पण माझ्या मते युसुफुद्दीन सुटला तो निजामाच्या सार्वभौमत्वामुळे नव्हे. अपील त्याचे स्वतःचे होते, आणि न्यायालयाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागले. उलट उदाहरण सावरकरांचे आहे. 8 जुलै 1910 रोजी मार्सेय बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली, फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. तिथे पक्षकार दोनच, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता त्याला बोलण्याची जागाच नव्हती. लवादाचे काम चालू असताना मुंबईत त्यांच्यावरचे खटलेही थांबले नाहीत. दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षा 30 जानेवारी 1911 ला झाली, तर लवादाचा निकाल 24 फेब्रुवारीला आला. अटकेत अनियमितता झाली हे लवादाने मान्य केले, तरी कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. अनियमिततेची किंमत अंदमानात एकट्या सावरकरांनी मोजली.

राज्याच्या हक्काची भाषा किती पोकळ असू शकते हे मराठवाड्याने तर जवळून पाहिले आहे. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे सार्वभौमत्वाची फिर्याद घेऊन गेले, आणि त्याच वेळी स्वामी रामानंद तीर्थ त्याच सरकारच्या तुरुंगात होते. ती फिर्याद राजाची होती. गजाआडच्या माणसाची बाजू त्यात कुठेच नव्हती.

पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात ही उणीव अर्धीच भरून निघाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी पाकिस्तानला दोषी धरले आणि दूतावासाशी संपर्क हा कैद्याचाही हक्क आहे हे मान्य केले. पण तो हक्क मागायला भारत सरकारलाच जावे लागले. भारताने शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती, मिळाला तो फेरविचार, आणि तोही शिक्षा देणाऱ्या देशाच्याच हाती. आता आक्षेप असा की स्वतः दाद मागण्याचा हक्क आरोपीच्या हाती दिला तर दहशतवादी त्याचा फायदा उठवतील. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यातल्या कसाबचा खटला हे त्याचे उत्तर आहे. पाकिस्तानी नागरिक असलेल्या त्या आरोपीला आपण वकील दिला, उच्च न्यायालय दिले, सर्वोच्च न्यायालयही दिले, आणि शिक्षा दोन्ही ठिकाणी टिकली. ऐकून घेतल्याने खटला कच्चा झाला नाही.

भारत-पाकिस्तान यांच्यातल्या 2008 च्या दूतावास-संपर्क करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. त्यांत समुद्रातली हद्द ओलांडल्यामुळे पकडले गेलेले मच्छीमार असतात, आपल्या पालघरचेही. शिक्षा भोगून झाली तरी सुटका दोन्ही सरकारांचे सूत जुळेपर्यंत लांबते. त्या करारात एक कलम वाढवायला हवे: शिक्षा संपलेल्या कैद्याला, आणि अटक चुकीची आहे असे म्हणणाऱ्यालाही, दोन्ही देशांच्या न्यायाधीशांच्या मंडळाकडे स्वतः अर्ज करता यावा, आणि त्या मंडळाचा आदेश तुरुंगावर बंधनकारक असावा. भारताने ही मागणी आधी स्वतःच्या तुरुंगांतल्या पाकिस्तानी मच्छीमारांसाठी लागू करावी, मग ती पलीकडे ठामपणे मांडता येईल.