ताकद वाढली, तेलाचे काय?

साकीनाक्यापासून कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यापर्यंत पसरलेल्या गॅरेजांत आणि सुट्या भागांच्या दुकानांत गाडीची ताकद वाढवून मागणारा तरुण ग्राहक आता नवलाचा राहिलेला नाही. चाकणच्या कारखान्यातून २०२२ पर्यंत बाहेर पडलेली फोक्सवॅगन पोलो ही या हौसेची लाडकी गाडी. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटरचे टर्बो इंजिन मुळात १०५ अश्वशक्तीचे. संगणकाचा प्रोग्रॅम बदलून, म्हणजेच ‘रीमॅप’ करून, ते आणखी जोरकस करता येते आणि बहुतेकांचे पैसे तिथेच संपतात. ही वाढीव ताकद ज्या तेलाच्या पातळ थरावर तोलली जाते, त्याची आठवण मात्र बेअरिंग वाजू लागल्यावर होते. तोवर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरलेले नसते.

त्यानंतरही पहिली मागणी होते ती मोठ्या ऑइल पंपाची, आणि ती बहुधा चुकीची असते. तेलाचा कमाल दाब रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. त्यापलीकडे पंपाने ढकललेले तेल परत फिरते, जाताना उष्णता वाढवते आणि इंजिनाची थोडी शक्तीही खाते. बेअरिंगमधील फट मुद्दाम वाढवलेली असेल, तरच मोठ्या पंपाला अर्थ आहे.

पहिला खर्च व्हायला हवा तो दाब आणि तापमान दाखवणाऱ्या मीटरवर. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. वेगात घेतलेल्या वळणावर क्षणभर दाब कोसळला, तर त्याची वार्ता तो देत नाही. हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय दाब हा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आजही उपयोगी पडतो. तापमान ९० ते ११० अंश सेल्सिअस असेपर्यंत चिंता नाही. १३० च्या घरात ते रेंगाळू लागले, तर मात्र उपाय करावा लागतो.

हा उपाय म्हणून सर्रास बसवला जातो तो ऑइल कूलर. इथे साकीनाक्याचा रस्ता विचारात घ्यावा लागतो. २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावत असली, तरी खाली अंधेरी-कुर्ला रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानेच सरकते. बंपरमागे लावलेल्या हवेच्या कूलरला वाराच मिळत नसेल, तर तो थंड करणार काय? अनेक टर्बो इंजिनांत कारखान्यातूनच येणारा पाण्यावरचा कूलर अशा वेळी सरस ठरतो, कारण त्याच्या मदतीला रेडिएटरचा पंखा असतो. हवेचा कूलर द्रुतगती मार्गाच्या घाटात किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर कामाचा, तोही थर्मोस्टॅटसह. अन्यथा छोट्या फेऱ्यांत तेल पुरेसे तापतच नाही आणि त्यात उतरलेले पाणी व इंधन उडून जात नाही.

ड्रॅग शर्यतीचा प्रश्न निराळा. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या शर्यतींसारखी धाव काही सेकंदांत संपते. तेवढ्यात तेल तापत नाही, पण ते चेंबरच्या मागच्या बाजूला धावते आणि स्ट्रेनर हवा ओढू लागतो. श्रीपेरुंबुदूर किंवा कोईम्बतूरच्या ट्रॅकवर हेच लांब वळणांत घडते. त्यावर उतारा म्हणजे चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवणे. खोल चेंबर मात्र मुंबईत टाळलेलाच बरा. इथले गतिरोधक त्याला सोडणार नाहीत. वेगळ्या टाकीचा ‘ड्राय संप’ हा तर केवळ शर्यतीच्या गाडीचा खर्च आहे.

तेलाच्या दर्जाचेही तारतम्य हवे. ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० घेतल्यास उष्णतेत थर अधिक जाड राहतो. पण डब्यावर इंजिन उत्पादकाच्या मान्यतेचा क्रमांक नसेल, तर तो बदल अंगलट येऊ शकतो. रीमॅप केलेल्या इंजिनाला तेल बदलण्याची कंपनीची मुदतही लांबच पडते. एवढ्या किरकोळ खर्चात हात आखडता घेणाराच पुढे कूलरची चौकशी करताना दिसतो, ही गंमतच म्हणायची.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय कारखान्याबाहेर केलेल्या बदलानंतर इंजिन बिघडले, तर वॉरंटीचा दावा टिकणे कठीण.