अद्भुताचे वावडे आणि जुन्या पुस्तकांचा वाचक

मराठी कादंबरीच्या समीक्षेत 'पलायनवादी' हे विशेषण जितक्या निर्धास्तपणे वापरले जाते, तितके दुसरे क्वचितच वापरले जात असेल. अद्भुतरम्य कादंबरीला ते एकदा चिकटवले की समीक्षकाची जबाबदारी संपते. कोण पळाला, कशापासून पळाला आणि पळून कोठे पोचला, हे प्रश्न विचारण्याची गरजच मग उरत नाही. प्रस्तुत लेखात हे प्रश्न गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात विचारावयाचे आहेत. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयव्यवहारात जे पुस्तक 'संपलेले' असते, ते दुसऱ्या-तिसऱ्या हाताने अशा जिल्ह्यांत पोचते आणि तेथे त्याचे खरे वाचन सुरू होते. आपल्या समीक्षेने हे वाचन कधीही हिशेबात घेतलेले नाही.

प्रथम या आरोपाची वंशावळ पाहू. 'मुक्तामाला' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली, 'मंजुघोषा' १८६८ मध्ये. पुढे अवघ्या चार वर्षांत, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' आला आणि संभवनीयतेच्या कसोटीवर अशा कादंबऱ्यांना जाब विचारण्याची प्रथा पडली. भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील विवेचनात 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती कल्पून या जुन्या कसोटीला सैद्धांतिक बळ दिले. या मांडणीचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. कादंबरीला सामाजिक वास्तवाशी बांधून घेण्याचा आग्रह त्या काळी आवश्यकच होता. परंतु विद्यापीठीय अध्यापनात या वर्गीकरणाची उतरंड झाली. 'यमुनापर्यटन' प्रवृत्ती म्हणजे श्रेष्ठ, 'मुक्तामाला' प्रवृत्ती म्हणजे रंजन, असे समीकरण विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करू लागला. 'मुक्तामाला' स्वतः वाचण्याचे कष्ट मात्र त्याने घेतले नाहीत, आणि ते घ्यावेत असे त्याला कोणी सांगितलेही नाही.

वास्तविक या वादातील सर्वांत मोलाचा पुरावा आरोपीच्याच जबानीत आहे. 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी अद्भुताचा आश्रय का घ्यावा लागतो, याची कैफियत दिली आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या चाली आणि इतर कारणे यांमुळे नित्याच्या जीवनात मनोवेधक असे काही घडतच नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्यास अद्भुताकडे वळावे लागते, असा तिचा मथितार्थ. ही कबुली कादंबरीकाराच्या दुबळेपणाची म्हणून आजवर वाचली गेली. ती समाजाविरुद्धची तक्रार म्हणून का वाचू नये? ज्या समाजात जोडीदार निवडण्याचा प्रसंगच तरुण माणसाच्या वाट्याला येत नाही, त्यात प्रेमकथा लिहावयाची तर वास्तवाची चौकट मोडावीच लागेल. येथे अद्भुत हा वास्तवाचा विसर नसून त्यात काय नाही, याची नोंद आहे.

जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मधील परीकथांवरील व्याख्यानात तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा शिपाई यांत भेद केला होता. आपली समीक्षा दोघांनाही एकाच कलमाखाली दोषी ठरवते. सिंहगडावरून पडून शरीराचा अधोभाग निकामी झालेल्या नाथमाधवांनी 'वीरधवल'सारखी साहसकथा लिहिली. त्यांना पळपुटे म्हणावयाचे झाल्यास प्रथम आपण धडधाकट पायांवर उभे आहोत, याची जाणीव म्हणणाऱ्याने ठेवावी.

आता गोंदियाकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवर वसला आहे. येथे मराठीच्या सोबतीला हिंदी, झाडीबोली, पोवारी आणि गोंडी नांदतात. मुंबई-हावडा मार्गावरील हे जंक्शन. बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अरुंद मापाची गाडी एके काळी येथूनच सुटे. अशा ठिकाणी पुस्तक प्रवाशाच्या पिशवीतून येते, रद्दीतून येते, शेजारच्या घरातून येते. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आणि नारायण धारपांचा 'समर्थ' एकाच ढिगात सापडावेत, हे अशा सीमावर्ती गावाला साजेसेच आहे. मराठी आणि हिंदी वाङ्मयाचे इतिहासकार ज्या दोन परंपरा वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात, त्या रद्दीवाल्याच्या तागडीत एकत्र येतात. तुलनात्मक साहित्याभ्यासाचा याहून स्वस्त आरंभ संभवत नाही.

हाताळलेल्या पुस्तकाचे वाचन नव्या पुस्तकाच्या वाचनाहून प्रकृतीनेच भिन्न असते. पहिली आठ पाने गेलेली असतात. दुसरा भाग मिळतो, पहिला मिळत नाही. शेवटच्या प्रकरणाचा धागा उसवलेला असतो. साहसकथेच्या बाबतीत तर ही उणीव निर्णायक ठरते, कारण तिचे सारे बळ 'पुढे काय' आणि 'आधी काय' यांत साठवलेले असते. नायक भुयारात कसा आला हे ठाऊक नसताना त्याला बाहेर काढणारा वाचक कथानकाचा अर्धा कर्ता होतो. वाचककेंद्री सिद्धांतांची परकीय नावे आपल्या प्रबंधांत पानोपानी आढळतात. संहितेतील रिकाम्या जागा भरणारा वाचक ज्यांना हवा असेल, त्यांनी तो फाटक्या प्रतीपाशी शोधावा.

येथे एक व्यावहारिक बाब सैद्धांतिक महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि त्यानुसार अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये अनुदान घेतात. पण कोणत्याही ग्रंथालयात जीर्ण होऊन बाद ठरते ते सर्वाधिक वाचलेले पुस्तक; न वाचलेले पुस्तक दीर्घायुषी होते. म्हणजे शंभर वर्षांनी जो संशोधक आपल्या कपाटांवरून अभिरुचीचा इतिहास लिहील, तो नेमका उलटा इतिहास लिहील. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतील किती अभ्यासकाला आज हाताशी मिळतात? आपण ज्याला 'मराठी वाचकाची अभिरुची' म्हणतो ती पुष्कळ अंशी अशी झिजून नष्ट झालेल्या पुस्तकांत होती. प्रकाशकाच्या विक्रीवहीत दुसरा वाचक नसतो, लेखकाच्या मानधनात तिसरा नसतो, आणि समीक्षकाच्या टिपणात यांपैकी एकही नसतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या कादंबऱ्यांचे विश्व सरंजामी आहे: नायक राजपुत्र, नायिका हरण होण्यापुरती, सेवक निष्ठेपुरता. हा आक्षेप खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. मात्र तो अभ्यासाचे प्रयोजन सांगतो, बहिष्काराचे नव्हे. ज्या वाचकाच्या घरात कोणी राजपुत्र नव्हता, त्याने त्या राजपुत्राचे काय केले, हा प्रश्न समाजशास्त्रीय समीक्षेने विचारावयास हवा होता. तिने वाचक जणू मेणाचा आहे असे गृहीत धरले.

दुसरा आक्षेप देशीयतेचा. अद्भुतरम्य कादंबरी ही संस्कृत आख्याने, फारसी किस्से आणि इंग्रजी रोमान्स यांची उसनवारी. तिला येथील मातीचा आधार नाही, असे म्हटले जाते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी उभे राहून हे विधान करून पाहावे. माघ पौर्णिमेला तेथे गोंड भाविक दूरदुरून येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांची आणि त्यांना मुक्त करणाऱ्या लिंगोची कथा त्या स्थळाशी जोडलेली आहे. ही कथा म्हणजे धर्मस्मृती होय. तिला रंजनकथा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण एका समाजाने आपल्या उगमाचे आणि मुक्ततेचे ज्ञान अद्भुताच्या भाषेत जतन केले, एवढे तरी तिच्यावरून सिद्ध होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांच्या मधोमध, कादंबरीच्या जन्मकाळीच! या तिन्ही सनांना एका ओळीत मांडण्याचे आपल्या वाङ्मयेतिहासाला सुचले नाही. आणि तरीही देशीयतेचा दाखला तोच देणार.

खुद्द नेमाडे यांनी २०१० मध्ये आपल्या बृहद् कादंबरीच्या नावात जगण्याच्या 'समृद्ध अडगळी'चा गौरव केला, आणि तिचा आरंभ मोहेंजोदडोच्या उत्खननापाशी केला. पुरलेल्या काळाशी बोलावयाचे तर संभवनीयतेची चौकट अपुरी पडते, हेच त्यावरून दिसते. मग अडगळ संस्कृतीची असेल तर समृद्ध आणि रद्दीच्या दुकानातील असेल तर भिकार, हा भेद कोणत्या मूल्यविवेकात बसतो?

तेव्हा मागणी साधी आहे. मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सैद्धांतिक परिभाषेच्या जोडीला एक वर्ष जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी बसवावे. प्रतीवरील नावे, शिक्के, भाड्याचे दर, समासातील शेरे, पाने दुमडल्याच्या खुणा यांची नोंद त्यांनी करावी. बाद ठरलेल्या पुस्तकांची यादी रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयांकडून मागून घ्यावी. गोंदिया, देवरी, अर्जुनी मोरगाव येथे कोणते पुस्तक किती हातांतून गेले, हे कळल्याशिवाय 'मराठी वाचक' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपणांस नाही. एवढे केल्यावरही एखाद्याला अद्भुतरम्य कादंबरी टाकाऊच वाटली तर त्याने तसे अवश्य लिहावे. निदान ते मत ती कादंबरी वाचून बनवलेले असेल.