शिल्लक आहे, पण ओळख पटत नाही

आपल्या घरांतील लॅपटॉप हे आता केवळ मुलांच्या अभ्यासाचे साधन राहिलेले नाही. दुकानाचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, परदेशी असलेल्या नातवंडांशी गाठभेट हे सारे त्याच एका यंत्रावर चालते. अशा यंत्राच्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यातील बॅटरीच्या चिन्हावर, एके दिवशी लाल फुली उमटते आणि ‘नो बॅटरी इज डिटेक्टेड’ असे शब्द दिसतात. बॅटरी तर जागेवरच असते. कालपर्यंत ती कामही करीत होती. तरीही यंत्र म्हणते, बॅटरी नाहीच!

अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर कोणतीही तपासणी न करता नवी बॅटरी मागविली जाते. नाही तर ‘चालतोय ना, चालू द्या’ असे म्हणून लॅपटॉप कायम विजेला जोडून वापरला जातो. पहिल्या मार्गात पैसा वाया जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या मार्गात वीज गेली की यंत्र त्याच क्षणी बंद पडते आणि हाती असलेले काम अर्धवट राहते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

बँकेतील नोकरीमुळे मला या प्रश्नाचे स्वरूप एका साध्या उदाहरणातून उमगते. खात्यात शिल्लक असते, धनादेशही खरा असतो. परंतु सही जुळली नाही तर बँक रक्कम देत नाही. याचा अर्थ खाते बुडाले असा होत नाही. ओळख पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपच्या बॅटरीचेही तसेच आहे. ‘बॅटरी संपली’ आणि ‘बॅटरी ओळखता आली नाही’ ही दोन वेगवेगळी वाक्ये आहेत. ओळखीची साखळी नेमकी कोठे तुटली हे आधी पाहावे आणि खर्चाचा विचार त्यानंतर करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

ही साखळी कशी असते ते थोडक्यात पाहू. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनावर ती उभी राहिली, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी वजनाने हलकी आणि साठवणुकीत उदार असते, पण स्वभावाने नाजूक. ती मर्यादेपलीकडे चार्ज झाली, फार तापली किंवा तिच्या आत शॉर्ट सर्किट झाले तर पेट घेऊ शकते. २००६ साली डेल कंपनीला सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या याच भीतीने परत मागवाव्या लागल्या होत्या. म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीत केवळ सेल नसतात. त्यांच्यासोबत एक छोटे सर्किट असते. बॅटरीची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, मूळ क्षमता, सध्याची क्षमता, तापमान आणि आजवर किती वेळा चार्ज झाली याची नोंद त्यावरील चिपमध्ये राहते. जणू बॅटरीचे स्वतःचे पासबुकच! धन आणि ऋण या जाड टोकांखेरीज बॅटरीला ज्या बारीक पिना असतात, त्यांतून ही माहिती मदरबोर्डवरील नियंत्रक चिपकडे जाते आणि तेथून विंडोजकडे. इंटेल आणि ड्युरासेल या कंपन्यांनी १९९४ मध्ये या संवादाची समान पद्धत आखून दिली.

म्हणजे साखळीला कड्या चार: चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड आणि विंडोज. यांपैकी कोणतीही एक निखळली तरी पडद्यावर तक्रार उमटते. मात्र प्रत्येक तक्रार सारखी नसते. लाल फुली म्हणजे ओळख पटलेली नाही. ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ म्हणजे ओळख पटली आहे, पण चार्जिंग थांबले आहे. म्हणून शब्द नीट वाचावेत आणि मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

तपासणीपूर्वी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का? टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का? झाकण नीट मिटत नाही किंवा तळाची पट्टी फाकली आहे का? असे असेल तर बॅटरी आतून फुगली आहे. मग खालील एकही उपाय करू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद ठेवावे, फुगवटा दाबू नये, त्याला टोचू नये आणि जाणकार तंत्रज्ञाकडे ते सुपूर्द करावे. फुगलेल्या बॅटरीबाबत काटकसर करणे म्हणजे घरात आगीला जागा देणे होय.

फुगवटा नसेल तर विनाखर्चाच्या उपायांपासून आरंभ करावा आणि एका वेळी एकच उपाय करावा. दोन उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिली कडी चार्जरची. काही कंपन्यांच्या, उदाहरणार्थ डेलच्या, चार्जरमध्येही ओळख सांगणारी चिप असते. मधली बारीक पिन वाकली किंवा वायर आतून तुटली तर चार्जरची ओळख पटत नाही. लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. टाइप-सी चार्जर असेल तर मोबाइलचा कमी वॅटचा चार्जर लॅपटॉपला पुरत नाही. त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर शेजाऱ्याकडून तासाभरासाठी आणून पाहावा.

दुसरा उपाय साठलेली वीज सोडण्याचा. मदरबोर्डवरील नियंत्रक चिप कधी कधी अडकून बसते आणि नेहमीच्या रीस्टार्टने ती सुटत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी आणि पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे. काढलेली बॅटरी पुन्हा बसवून चार्जर जोडावा आणि यंत्र सुरू करावे. बॅटरी आत बसविलेल्या काही मॉडेलांच्या तळाशी याच कामासाठी टाचणीएवढे छिद्र असते. ते कोठे आहे ते माहितीपुस्तिकेत पाहावे. अंदाजाने टोचू नये.

तिसरी पायरी निर्णायक आहे. यंत्र सुरू होताना ठरावीक कळ दाबली की बायोस नावाचा पडदा उघडतो. डेलमध्ये ती कळ एफ-२, एचपीमध्ये एफ-१०, तर लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये एफ-१ असते. हा पडदा विंडोज सुरू होण्यापूर्वीचा असल्याने त्याची साक्ष स्वतंत्र असते. अनेक यंत्रांत तेथे बॅटरीची माहिती दिसते. तेथे बॅटरी दिसली आणि विंडोजमध्ये दिसली नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा. दोन्हीकडे दिसली नाही, तर दोष बॅटरी, तिची जोडणी किंवा मदरबोर्ड यांत. एचपी आणि डेलमध्ये यंत्र सुरू होतानाच बॅटरीची चाचणी घेण्याची सोयही असते.

अकोल्यातील एका परिचित कुटुंबाच्या कापड दुकानात हेच घडले. विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत वीज गेली, लॅपटॉप तत्क्षणी बंद पडला आणि पुन्हा सुरू झाल्यावर लाल फुली दिसू लागली. हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंचा फोन आला, ‘काका, दुरुस्तीवाले म्हणतात मदरबोर्डच बदलावा लागेल.’ मी त्यांना एवढेच सांगितले की, आधी बायोसमध्ये बॅटरी दिसते का ते पाहा. ती दिसली. मग मदरबोर्ड बदलण्याचे प्रयोजनच उरले नाही. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘बॅटरीज’ या शीर्षकाखाली ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ अशी नोंद असते. तेवढीच ‘अनइन्स्टॉल’ करून यंत्र पुन्हा सुरू केले असता विंडोजने बॅटरी नव्याने नोंदवून घेतली. मोठ्या खर्चाचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला. प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही. परंतु खर्चाला होकार देण्यापूर्वी बायोस पाहण्याला काहीच मोल पडत नाही.

बायोस अद्ययावत करण्याचा सल्लाही अनेक जण देतात. तो उपाय योग्य असला तरी येथे एक धोका आहे. बॅटरीची ओळखच पटत नसेल तर यंत्राला विजेचा पर्यायी आधार नसतो. अद्ययावतीकरण अर्ध्यावर असताना वीज गेली तर लॅपटॉप कायमचा निकामी होऊ शकतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर यंत्र जोडलेले असल्याविना या वाटेला जाऊ नये.

आता ज्या तक्रारी वस्तुतः बिघाडच नसतात, त्यांच्याविषयी. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीचे आयुष्य वाढविणारी मर्यादा कोणीतरी लावून ठेवलेली असू शकते. तो दोष नसून सोय आहे. दुसरे कारण आपल्या हवेचे. मे २०२४ मध्ये अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या पलीकडे गेले आणि उष्णतेपायी जिल्ह्यात ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू करावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची कमाल मर्यादा सामान्यतः ४५ अंशांच्या आसपास मानली जाते. खोलीच तापलेली असताना बॅटरीचे सर्किट चार्जिंग थांबविते, ते सेलच्या रक्षणासाठी. अशा वेळी यंत्र बंद करून थंड खोलीत तासभर ठेवावे. गादीवर किंवा उशीवर ठेवून लॅपटॉप वापरू नये आणि कूलरच्या ओलसर झोतासमोरही ठेवू नये.

तिसरे कारण सुट्टीचे. अमरावतीस शिकणारी मुले उन्हाळ्यात गावी जाताना पूर्ण उतरलेला लॅपटॉप तसाच कपाटात ठेवून जातात. दोन महिन्यांनी सेलचा दाब इतका खाली जातो की संरक्षक सर्किट बॅटरीला यंत्रापासून तोडून टाकते. अशी बॅटरी चार्जरला काही तास जोडून ठेवल्यास कधी कधी जागी होते. होत नसेल तर तिच्या सेलला बाहेरून थेट वीज देऊन ‘जिवंत’ करण्याचा उद्योग कोणाकडूनही करवून घेऊ नये. काही बॅटऱ्यांची चिप गंभीर दोष आढळताच स्वतःला कायमचे बंद करून घेते. तो निर्णय उलटविणे घातक असते. दीर्घकाळ ठेवायचा असेल तर साधारण निम्मी बॅटरी भरून, यंत्र बंद करून ठेवावे.

बॅटरीची ओळख पटत असेल, परंतु ती तग धरत नसेल, तर तिचे पासबुक वाचावे. विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ हा जोडशब्द असे इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबले की एक अहवाल तयार होतो. तो कोठे ठेवला आहे तेही तेथेच दिसते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे मूळ किंमत आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे घसारा वजा जाता उरलेले मूल्य. मूळ आकडा ४०,००० आणि उरलेला २०,००० असेल, तर निम्मी बॅटरी खर्ची पडली आहे. मग नवी घेण्यास हरकत नाही.

नवी घेताना मात्र स्वस्ताईला भुलू नये. काही यंत्रे, उदाहरणार्थ थिंकपॅडची अनेक मॉडेले, बॅटरी अस्सल नसल्यास ती चार्ज करण्यास नकार देतात आणि मग पहिलाच प्रश्न नव्या खर्चासह पुन्हा उभा राहतो. मॉडेल क्रमांक आणि व्होल्ट जुन्या बॅटरीशी ताडून पाहावेत. भारतात अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असून तिच्यावर इंग्रजी आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो; ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो पडताळता येतो. पक्के बिल घ्यावे. लॅपटॉपची हमी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुधा एकाच वर्षाची असते, हेही तपासावे. हमी असूनही विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

दुरुस्तीस यंत्र देण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. बॅटरी बदलण्यासाठी आपला पासवर्ड लागत नाही. तो कागदावर लिहून देऊ नये. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपविणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे.

शेवटी एक छोटेसे काम. लॅपटॉपच्या बिलासोबत एक चिठ्ठी ठेवावी: बॅटरीचा मॉडेल क्रमांक, हमीची शेवटची तारीख आणि दर सहा महिन्यांनी अहवालातील उरलेली क्षमता. घरातील ज्याला हिशेबाची आवड आहे त्याच्याकडे हे काम द्यावे. वर्षाअखेरीस ही चिठ्ठी वाचली की बॅटरी केव्हा बदलावी लागेल याचा अंदाज आधीच येतो आणि ऐन विवरणपत्राच्या किंवा परीक्षेच्या दिवशी धावाधाव करावी लागत नाही.