तुझे म्हणणे काय?



भीमजयंतीच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या नंदुरबारच्या वस्तीत विहारातर्फे निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता, ‘आपल्या मुलींची शाळा का सुटते?’ नववीतल्या एका मुलीने मला घरी बोलावले. म्हणाली, “गुरुजी, एवढे वाचून बघा.” वहीची नऊ पाने भरलेली. जनगणनेचे आकडे, वर्तमानपत्रातली कात्रणे, शाळेतल्या बाईंचे मत, बाबासाहेबांचे विचार, सावित्रीबाईंची माहिती, सारे काही होते. अक्षरही मोत्यासारखे.

तिची आई मिरचीच्या पथारीवरून देठ खुडून नुकतीच आली होती. बोटांची आग होत होती म्हणून हात गार पाण्यात घालून बसली होती. लेकीचे वाचन तिने शेवटपर्यंत ऐकले आणि अहिराणीत म्हणाली, “बेटा, हाई समदं लोकेसनं शे. तुनं म्हननं काय शे?”

मुलगी गप्प झाली. खरे सांगतो, मीही गप्प झालो. कारण इतकी वर्षे मुलांना ‘माहिती गोळा करा’ असे सांगणारे आम्ही, गोळा केलेल्या माहितीचे पुढे काय करायचे ते कधी नीट शिकवलेच नाही.

माहिती म्हणजे निबंध नव्हे. पीठ, मीठ, पाणी शेजारी शेजारी ठेवले म्हणून भाकरी होत नाही. वाचले, ऐकले, पाहिले त्यातून एक ठाम म्हणणे काढावे लागते. ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे, आणि त्यात ‘कारण’ असले पाहिजे.

हे काम कसे करावे याचा उत्तम धडा आपल्या घरातच आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढे मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात तो पहिलाच आहे.

त्यांनी काय केले ते पाहा. जातीविषयी लिहिणारे चार विद्वान त्यांनी समोर ठेवले : फ्रान्सचे सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर. प्रत्येकाची व्याख्या आधी नीट मांडली, मग तपासली. सेनार विटाळावर भर देतात, पण बाबासाहेब म्हणतात की विटाळाची कल्पना पुरोहितपणाशी जोडलेली आहे, ती जातीचे मूळ लक्षण नव्हे. नेसफिल्ड सांगतात की जातीबाहेर जेवत नाहीत ती जात. बाबासाहेबांनी दाखवले की हा तर जातीचा परिणाम, तो कारण कसा होईल? केतकरांनी दोन लक्षणे सांगितली : जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच सभासदत्व. बाबासाहेबांनी दाखवले की ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. बाहेर लग्न बंद केले की बाहेरचा माणूस आत येणारच नाही.

एवढी चाळणी लावल्यावर हाती उरले ते त्यांचे म्हणणे : पूर्वी कुळाबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर गटाच्या आतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले, तेव्हा जात जन्मली. मग याच एका वाक्याने सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा त्यांनी केला. आतल्या आत लग्ने करायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळवून ठेवावी लागते. नवरा मेला की बाई ‘जास्त’ होते. तिची अशी क्रूर ‘व्यवस्था’ लावली गेली. आणि शेवटी, माझे मत चुकीचे ठरले तर मी ते सोडायला तयार आहे, असेही त्यांनी नम्रपणे सांगून ठेवले.

हीच रीत आम्ही त्या मुलीच्या वहीला लावली.

पहिले काम : प्रत्येक माहिती वेगळ्या कागदावर. कोण म्हणतो, काय म्हणतो, आणि त्याला ते कसे कळले? इथेच एक चूक सापडली. तिने १९९१ चे धुळे जिल्ह्याचे आकडे आणि २०११ चे नंदुरबारचे आकडे सरळ शेजारी मांडले होते. पण आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. १९९१ च्या धुळ्यात आपण आणि ते दोन्ही आहोत. अशी तुलना चालत नाही.

दुसरे काम : कोणाचे कोणाशी जुळत नाही ते शोधणे. पुस्तक म्हणत होते, गरिबी. बाई म्हणत होत्या, आईबापांची बेफिकिरी. मी विचारले, “गरिबी तर भावालाही आहे. मग त्याची शाळा का नाही सुटत?”

ती खाली बघून म्हणाली, “गुरुजी, दिवाळीनंतर दोन महिने मीच घरी होते. आई पथारीवर, धाकटीला कोण बघणार?”

आईने पाण्यातले हात बाहेर काढले. काही बोलली नाही.

पोरीच्या मनात ही गोष्ट होती, पण निबंधात घालण्यासारखी आहे असे तिला वाटलेच नव्हते. तिने वाक्य लिहिले : ‘हंगामात मुलींची शाळा सुटते ती आईबापांच्या बेफिकिरीमुळे नव्हे, तर तान्ह्या भावंडाला सांभाळायला दुसरी सोय नसते आणि ते काम मुलीचेच मानले जाते म्हणून.’ बेफिकिरी दिसते तो परिणाम, कारण वेगळेच. नेसफिल्डची चूक ती हीच.

तिसरे काम : आपले म्हणणे तपासणे. एका घरावरून जग ठरत नाही. ती गल्लीतल्या घरांत जाऊन विचारून आली. काही ठिकाणी तेच उत्तर मिळाले. पण एका मुलीने शाळा सोडली होती ती शाळा लांब आणि रस्ता निर्जन म्हणून. मग तिने वाक्यात ‘आमच्या गल्लीत मुख्यतः’ हे शब्द घातले. म्हणणे लहान झाले, पण खरे झाले. केवळ ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. तो वहीतही उतरला पाहिजे.

नऊ पानांची साडेतीन पाने झाली. बाबासाहेबांचे नाव पूर्वी बारा वेळा होते, आता एकदाच आहे. पण बाबासाहेबांची रीत पानोपानी आहे.

आयाबायांनो, तुम्हाला लिहिता येत नसेल तरी चालेल. पोरगं वही घेऊन बसले की त्या माउलीसारखा एकच प्रश्न विचारा. आणि त्याचे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. या दिवाळीनंतर धाकटीला पथारीवर सोबत न्यायचे, असे त्या आईने ठरवले आहे. मिरचीच्या खकाण्यात तान्हे लेकरू ठेवणे हा काही उपाय नव्हे. म्हणून हंगामापुरते विहारात पाळणाघर चालवता येईल का, यावर येत्या पौर्णिमेला बसायचे ठरले आहे. निबंध आम्ही तिथेच मोठ्याने वाचणार आहोत.