साहेब, एक पाटी लावा

मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर यांस,


वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी मी तीन महिने तलाठी कार्यालयाचे खेटे घातले. कागद पूर्ण होते, भावंडांत वाद नव्हता. तरी कधी सर्व्हर डाऊन, कधी भाऊसाहेब मीटिंगला. पैसे कोणीच मागितले नाहीत. शेवटी शेजारच्या टपरीवर एकाने चहा पिता पिता समजावले, "कागदावर वजन ठेवा, नाहीतर उडून जातो." मी वजन ठेवले. चौथ्या दिवशी सर्व्हर सुरू झाला.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने दिली असेल, तर सात दिवसांत कळवावे लागते. ते सात दिवस मी गप्प बसलो. म्हणून हे पत्र फिर्यादीचे आहे, तसेच कबुलीचेही.

साहेब, मला विकले काय गेले? नोंद तर माझ्या हक्काचीच होती. विकले गेले ते दिवस. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, हे मला पैसे दिल्यावर कळले. आधी कळले असते, तर सोळाव्या दिवशी ताठ मानेने विचारले असते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तिथे कोणी चहापाणी मागत नाही, कारण भाव उघड आहे आणि मध्ये टेबल नाही.

लढण्याची हत्यारे याच जिल्ह्याने दिली. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्यात माहिती अधिकार अमलात आला. देशाचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत, शुल्क किती, अपील कोणाकडे, हे कार्यालयात ठळकपणे लावणे त्याने बंधनकारक केले. विनाकारण विलंब करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण मी गेलो त्या कार्यालयाच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर होते.

मागणे एवढेच: ती पाटी प्रत्येक तलाठी कार्यालयाच्या दारावर लावा. खाली प्रलंबित फेरफारांची यादी अर्जाच्या तारखेसह चिकटवा आणि ती ग्रामसभेत वाचायला लावा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, तेव्हा कचेऱ्यांच्या पाट्या बदलायला कोणाला वजन ठेवावे लागले नाही.

आणि गावकऱ्यांनो, अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. कोणी पैसे मागितले, तर देण्याआधी १०६४ फिरवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा पैसे देण्याआधीच लावता येतो. मी तो क्रमांक उशिरा पाठ केला.

आपला,
पारनेर तालुक्यातील एक खातेदार