गोधडीचा काठ

ज्या सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि ती जुनी गिरणी बंद पडल्यावरही जेथे मागांचा खडखडाट थांबलेला नाही, तेथे कापडाच्या निवडीविषयी लिहिणे म्हणजे सूर्यापुढे काजवा धरणे होय, असे कोणी म्हणेल. तथापि नित्याच्या वस्तूंकडेच आपले अधिक दुर्लक्ष होते. गोधडी ही अशीच एक वस्तू. तिचे पोट घरच्या जुन्या लुगड्याधोतरांचे. त्यात निवडीस फारसा वाव नसतो. निवड करावी लागते ती काठाची, आणि ती हल्ली केवळ रंग पाहून केली जाते, ही गोष्ट आम्हांस योग्य वाटत नाही.

गोधडी प्रथम कोठे फाटते? निजणारा तिला कडेस धरून अंगावर ओढतो. धुणारीही कडेसच धरून पिळते. काठ झिजला की आतील थर उघडे पडतात, धावदोरा सुटू लागतो व एका माउलीचे कित्येक दिवसांचे श्रम व्यर्थ जातात. म्हणून बाजारातील चकचकीत साटीन वा नायलॉन या कामी आम्ही त्याज्य मानतो. ते सुईखाली सरकते, त्याच्या कडांचे दोरे निघतात. शिवाय धुतल्यावर सुती पोट आकसते, ते मात्र आकसत नाही, आणि काठास झोळ पडतो.

कित्येक म्हणतील, जुन्या लुगड्याचाच काठ लावावा. काठ सुती असेल तर ही सूचना उत्तम; कारण काठात ताण्याचे धागे दाट असतात व अंग विरले तरी तो टिकतो. परंतु आपल्याकडील पुष्कळ इरकली लुगड्यांचे काठ रेशमी वा कृत्रिम रेशमाचे असतात. कृत्रिम रेशीम ओले होताच दुबळे पडते. दगडावर आपटण्याचे धुणे त्यास कसे सोसावे?

दुसरा पक्ष अभिमानाचा. ज्या सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन लाभले, तिचीच पट्टी काठास का नको? अभिमान आम्हांसही आहे. परंतु चादरीची वीण जाड. तिची घडी गोधडीच्या थरांवर बसविली की सुई अडते व काठ गळ्याशी टोचतो.

आमच्या मते साधे, मध्यम वजनाचे, घट्ट विणीचे सुती कापडच काठास योग्य. ते आधी धुवून आकसू द्यावे. रंग गडद असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे. डाग उमटला तर ते कापड बाजूस ठेवावे. पट्टी ताण्याच्या दिशेने फाडावी, म्हणजे ती ताणली जात नाही. चार हात लांब व तीन हात रुंद गोधडीचा घेर चौदा हात होतो. कोपरे व जोड धरून सोळा हात पट्टी घ्यावी. एवढे झाल्यावर रंगाचा विचार खुशाल करावा.

काठाचा हा मान केवळ आम्हीच करतो असे नाही. उत्तर कानडा जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपली 'कवंद' नावाची गोधडी कडेपासूनच शिवू लागतात व फेऱ्यांनी मध्याकडे येतात. शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुले' बसवितात. त्यांवाचून गोधडी उघडीनागडी, असे त्या मानतात.

विद्यार्थिमित्रहो, गोधडीच्या पोटात आजीचे लुगडे असते, आजोबांचे धोतर असते. त्यात आपल्या पिढीने नवे असे काय घालावयाचे, तर बहुधा हा काठच. घरी पुढील गोधडी शिवावयास निघेल तेव्हा तो हातात चोळून, धुवून व पारखून निवडा. जे जुने आहे त्याचे रक्षण करील तेच नवे आपण जोडावे, एवढीच आमची विनंती.