विश्वकिरण सर्वांवर पडतात, मग यंत्र सर्वांचे का नसावे?

विज्ञान म्हणजे मोठ्या शहरातल्या, मोठ्या शिक्षणाच्या माणसांचे काम, अशी समजूत आपल्या घराघरांत अजून आहे. मुलीने विज्ञानात चांगले गुण मिळवले की आपण प्रथम विचारतो, नोकरी लवकर कशाने लागेल? हा प्रश्न गैर नाही. पोटाची काळजी आपल्याला आहेच. पण "हे शोध आपल्यासाठी नाहीत" हा विचार त्या प्रश्नामागून घरात शिरत असेल, तर त्याला दारातच अडवले पाहिजे. म्हणून आज आम्ही विश्वकिरणांची ओळख करून देत आहोत.

अवकाशातून अतिवेगवान कण सतत पृथ्वीकडे येत असतात. व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञाने १९१२ साली बलूनमधून पाच हजार मीटरहून उंच जाऊन हे किरण वरून येतात हे दाखवले. १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे कण हवेतल्या अणूंवर आदळतात व त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात. म्युऑन छप्पर, कौले, भिंती यांतूनही आरपार जातात. आपल्या तळहातावरून दर सेकंदाला सुमारे एक म्युऑन जातो. भीतीचे कारण नाही. माणूस जन्मला तेव्हापासून हे चालूच आहे. हा वर्षाव सर्वांवर सारखाच होतो. त्याला जात कळत नाही, वाडी कळत नाही.

मात्र तो मोजण्याची साधने सर्वांना सारखी मिळाली नाहीत. विभा चौधरी यांचे उदाहरण पाहा. देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या काचा ठेवून या कणांचे माग टिपले. त्यांचे लेख १९४० च्या सुमारास 'नेचर' मासिकात छापून आले. पण युद्धकाळात अधिक चांगल्या काचा भारतात मिळेनात, आणि काम तिथेच अडले. पुढे चांगल्या काचा वापरून इंग्लंडच्या सेसिल पॉवेल यांनी ते काम तडीस नेले व १९५० चे नोबेल त्यांना मिळाले. विभाताई १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पहिल्या महिला संशोधक म्हणून दाखल झाल्या. बुद्धी होती, कष्ट होते, काचा नव्हत्या.

याच टाटा संस्थेचे ग्रेप्स-३ नावाचे मोठे यंत्र उटीला आहे. १ डिसेंबर २०१४ रोजी गडगडाटी ढगाखाली म्युऑनच्या संख्येत फरक पडला. त्यावरून त्या ढगातला विद्युतदाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये जाहीर केले. असे यंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे. पण लहान यंत्र आता आवाक्यात आले आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्पेन्सर अक्सानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉस्मिक वॉच' नावाचे तळहातावर मावणारे यंत्र तयार केले. त्याचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि संगणकाची आज्ञावली त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली. कोणाचीही परवानगी न घेता ते बनवता येते. खर्च त्यांनी सुमारे शंभर डॉलर सांगितला आहे, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. काही भाग परदेशातून मागवावे लागतात, त्याचा खर्च वेगळा.

त्याचे काम असे चालते. एक खास प्लॅस्टिकचा तुकडा असतो. त्यातून म्युऑन गेला की क्षणभर मंद उजेड होतो. हा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून तुकड्याला चांदीसारखा कागद लावतात, आणि बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून वरून काळी पट्टी. आतली सिलिकॉनची चिप उजेड टिपते आणि आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट-बोर्ड एक आकडा पुढे सरकवतो. अशी दोन यंत्रे एकावर एक ठेवावीत. दोन्हींत एकाच क्षणी नोंद झाली तर तो बहुधा म्युऑनच. एकातच झाली तर ती माती-दगडांतून येणाऱ्या किरणांची असू शकते.

मोबाइल दुरुस्त करणारा, झाळकाम येणारा तरुण आज बहुतेक गावात आहे. महाडच्या एमआयडीसीत विजेचे काम करणारे आपले भाऊही आहेत. शाळेतल्या मुलामुलींनी त्यांच्याबरोबर बसावे. यंत्रे सरळ ठेवून व आडवी ठेवून मोजणी करावी. आडवी ठेवल्यावर आकडा घटतो. विहारात मोजावे, मग रायगडावर मोजावे. उंचीवर आकडा थोडा वाढतो, पण फरक लहान असल्याने तासन् तास मोजावे लागते. शंभर नोंदींत दहा इकडे-तिकडे होणारच. एका मोजणीवर विश्वास ठेवू नये, हा धडाही त्यातून मिळतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २००५ च्या जुलैत दासगावावर दरड कोसळली. डोंगर कधी सुटेल, हे हे छोटे यंत्र सांगणार नाही. तशी आशा कोणी दाखवली तर ती फसवणूक समजावी. पण नोंद ठेवण्याची, पुरावा मागण्याची सवय लागलेली मुले उद्या पावसाचे आणि डोंगराचे आकडेही मागतील, हे मात्र खरे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. चवदार तळे कागदावर आधी खुले झाले होते, प्रत्यक्षात बंद होते. खुल्या आराखड्याचेही तसेच आहे. तो खुला आहे एवढ्याने तो आपला होत नाही. पुढे होऊन ओंजळ भरावी लागते. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा.

येत्या जयंतीला ध्वनिक्षेपकाच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी. दोन यंत्रे विहाराच्या कपाटात ठेवावीत, मात्र त्या कपाटाची किल्ली मुलांच्या, त्यातही मुलींच्या, हाती द्यावी. मोजणीची वही भरली की आम्हाला कळवावे. ते आकडे याच पानावर छापण्यात आम्हाला आनंद वाटेल.

जयभीम!